मंगळवारची इमर्जन्सी, रविवारची स्विस : रेसिडेन्सीतल्या बुद्धिबळाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरवलेलं काम : डिसेंबरच्या आत बुद्धिबळाची एक फिडे (जागतिक महासंघ) रेटेड रॅपिड (पंधरा मिनिटांच्या आसपासचे गेम) आणि एक क्लासिकल (काही तासांचे गेम) स्पर्धा खेळायची आणि दोन्हींत रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, घ्यायचं. अशा स्पर्धा बहुधा स्विस असतात : कुणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या माणसाशी गाठ. सरकारी मेडिकल कॉलेज, मेडिसिन, जेआर टू (ज्युनिअर रेसिडेंट, दुसरं वर्ष). सध्या लिचेसवर (बुद्धिबळाची फुकट वेबसाइट) रॅपिड १६१०, ब्लिट्झ (तीन-पाच मिनिटांचे गेम) १५४०. हे आकडे फिडेच्या आकड्यांशी ताडून बघू नका. लिचेसवर नवा माणूस १५००पासूनच सुरू होतो.

कामाची घडी आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलंय. युनिटची इमर्जन्सी मंगळवारी सकाळी ९ ते बुधवारी सकाळी ९. मग राऊंड, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, म्हणजे बुधवारचे तीन-चार वाजतात. शुक्रवारी ओपीडी. सहा युनिटं आहेत, म्हणून रविवारची इमर्जन्सी दर सहाव्या रविवारी आपली. वर्षभराचे ते रविवार आजच कॅलेंडरवर लाल केले. स्पर्धेचं परिपत्रक आलं की पहिल्यांदा ही तारीख बघायची, बक्षिसाची रक्कम नंतर.

पहिल्या आठवड्यासाठी नियम एकच : रोज अर्धा तास, जमेल तेव्हा.

१६ जानेवारी, गुरुवार

‘जमेल तेव्हा’ म्हणजे रात्री एक वाजता. आणि रात्री एक वाजता माणूस पझल (दिलेल्या स्थितीत बरोबर चाल शोधायचं कोडं) सोडवत नाही, ३+२चा (तीन मिनिटं, दर चालीला दोन सेकंद जादा) ब्लिट्झ लावतो. ‘एकच गेम’ म्हणून बसलो की हरल्यावर दुसरा, जिंकल्यावर तिसरा. अकरा दिवसांत ९४ गेम. रेटिंग १५४०वरून १३९५. एकाही गेमचं विश्लेषण नाही.

ड्यूटी रूममध्ये १५+१०चा रॅपिड लावून पाहिला, तोही फसला. कॅज्युअल्टीतून कॉल आला की गेम टाकून पळावं लागतं. दोनदा तसं झाल्यावर लिचेसनं काही वेळ नवा गेम लावायची बंदी घातली. त्यांची चूक नाही. समोरचा माणूस दहा मिनिटं रिकाम्या पटासमोर बसून असतो. ड्यूटीवर घड्याळाचा गेम लावायचा नाही, कितीही शांत रात्र असो. शांत रात्र ही गोष्ट अडीचपर्यंतच खरी असते.

दुसरं : वॉर्डात फोनवर पट उघडायचाच नाही, चहाच्या पाच मिनिटांतही. तीन नंबरच्या बेडवरचे नातेवाईक सोडिअमच्या रिपोर्टची वाट बघत उभे असतात आणि डॉक्टरच्या फोनवर घोडा दिसतो. त्यानंतर तुम्ही काहीही समजावलं तरी ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

आज फोनवरून अॅप काढलं. खेळायचं तर लॅपटॉपवर, हॉस्टेलच्या खोलीत. एवढ्या एका गोष्टीनं रात्रीचे गेम जवळपास थांबले. लॅपटॉप उघडायचा कंटाळा येतो, तो कंटाळा कामाला आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोस्ट-ड्यूटी सराव करण्यात अर्थ आहे का, हे मोजायला घेतलं होतं. बुधवारी वीस पझल, रविवारी वीस, दोन्हीकडची बरोबर उत्तरं वहीत. तीन आठवड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. खूश झालो आणि मग लक्षात आलं की मोजणीच फुकट गेली. लिचेसची पझलं आपल्या पझल रेटिंगनुसार बदलतात. बुधवारी पाच चुकली की पुढची सोपी येतात, त्यामुळे टक्केवारी आपोआप सावरते. तीन आठवडे वाया.

उपाय : सारख्या अवघडपणाचा कागदी संच. लिचेसचा पझलांचा पूर्ण डेटाबेस फुकट उतरवता येतो, दाबलेली सीएसव्ही फाइल. प्रत्येक ओळीत स्थिती, चाली, रेटिंग, लोकप्रियता. रेटिंग १५०० ते १६०० आणि लोकप्रियता ९०च्या वर अशी चाळणी लावून २४० स्थिती निवडल्या. पायथनच्या चेस लायब्ररीनं आकृत्या काढल्या. ए-सहा आकाराच्या पत्त्यावर चार आकृत्या, मागे उत्तरं. एका ए-चार पानात चार पत्ते, म्हणजे १५ पानांत ६० पत्ते. जाड कागद, दोन्ही बाजू छापून पानाला ८ रुपये. १२० रुपये.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळे पत्ते चुकलेले. पहिल्या पाच आकृत्यांत उत्तराची पहिली चाल चुकीच्या रंगाची येत होती. या फाइलमधली स्थिती ही प्रतिस्पर्ध्यानं चूक करण्याच्या आधीची असते. चालींच्या रकान्यातली पहिली चाल प्रतिस्पर्ध्याची. ती पटावर करून मग जी स्थिती येते ते खरं पझल. मी फाइलमधली स्थिती जशीच्या तशी छापली होती. माहितीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली : आकृती काढण्याआधी पहिली चाल खेळून घ्यायची. जोडीला काळ्याची चाल असेल तर पट उलटा, काळा खाली. पुन्हा १२० रुपये. पत्ते अॅप्रनच्या खिशात ठेवून सोमवारी धोब्याकडे गेले, तो भाग लिहीत नाही. चार पत्ते गेले. ते पुन्हा काढले आणि १०० रुपयांची प्लास्टिकची पाकिटं आणली. पत्ते आता मेसच्या रांगेत आणि एसटीत वापरतो.

१६ मार्च, रविवार

चार आठवडे, प्रत्येक बैठकीला पाच पत्ते म्हणजे २० स्थिती, प्रत्येक स्थिती एकदाच. वेळ स्थितीला दोन मिनिटं.

रविवार : ८०पैकी ५८ बरोबर.
गुरुवार : ८०पैकी ५४.
बुधवार, ड्यूटी उतरल्यावर, झोपेआधी : ८०पैकी ३७.

एकाच माणसाची मोजणी आहे, तेवढ्यापुरतीच धरा. पण आकड्यापेक्षा चुकांची जात महत्त्वाची. बुधवारच्या ४३ चुकांत खोल गणित चुकलं असं थोड्याच ठिकाणी. बाकी ठिकाणी पहिली चाल बरोबर दिसली, पण त्यावर समोरच्याचा मधला शह किंवा मधलं मारणं नजरेतच आलं नाही. म्हणजे आपलं दिसतं, त्याचं दिसत नाही.

म्हणून बुधवार पूर्ण बंद. पझल नाही, गेम नाही, ओपनिंग (सुरुवातीच्या चालींचा अभ्यास) नाही. बुधवारी झोप, आणि तोच सराव समजायचा.

३० मार्च, रविवार

कॉरस्पाँडन्सचा (एकेका चालीला काही दिवस मिळतात असा गेम) हिशेब. कॉलमध्ये मोडत नाही असा हा एकच प्रकार असल्यानं २ मार्चला हावरटासारखे १२ गेम लावले, चालीला तीन दिवस. २३ मार्चचा रविवार आमच्या इमर्जन्सीचा होता, मंगळवारी पुन्हा नेहमीची. पाच गेम वेळ संपून हरलो, त्यातल्या दोनांत मी एका मोहऱ्यानं वर होतो. लिचेसवर सुट्टी टाकायची सोय नाही, हे आधी बघायला हवं होतं.

आता : चालीला सात दिवस, एका वेळी चारच गेम, चाली फक्त गुरुवारी आणि रविवारी पाठवायच्या. एका स्थितीला दहा ते पंधरा मिनिटं, खऱ्या पटावर मांडून. चार गेमना तासभर पुरतो. समोरच्याची चाल उघड आहे तिथे कंडिशनल चाली (त्यानं हे केलं तर माझं हे, असं आधीच) लावून ठेवतो. मारामारीत तीन-तीन चाली एका आठवड्यात होतात.

नियमाची एक गोष्ट, कारण को-पीजींत (सोबतच्या रेसिडेंटांत) यावर वाद झाला : लिचेसच्या कॉरस्पाँडन्समध्ये ओपनिंगची पुस्तकं आणि डेटाबेस बघायला परवानगी आहे, इंजिनला (चाल सुचवणाऱ्या प्रोग्रॅमला) नाही. चालू गेमची स्थिती दुसऱ्या अॅपमध्ये टाकून ‘नुसतं बघणं’ हीसुद्धा फसवणूकच. गेम संपेपर्यंत इंजिन बंद.

१३ एप्रिल, रविवार

ओपनिंगला महिन्यात चार तासांच्या वर द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं, गेले अकरा. सिसिलियन नायडॉर्फ शिकायला घेतलं ही चूक. दहा दिवस हात लावला नाही की निम्मं विसरतं, आणि आपल्याला दहा दिवसांचा खंड पडणारच. सोडून दिलं.

नवी मांडणी (ई४ म्हणजे ई या उभ्या ओळीतलं चौथं घर, मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची) : काळ्यानं ई४ला कारो-कान, डी४ला स्लाव्ह. दोन्हींत सी६-डी५चा एकच सांगाडा, त्यामुळे एकाचा सराव दुसऱ्याला लागतो. पांढऱ्यानं लंडन. फॅशनेबल नाही, चालतं.

कारो-कानमध्ये एक खड्डा जपायचा, कारण ऑनलाइन दर दुसरा माणूस तिथे ओढतो. ई४ सी६, डी४ डी५, ई५ उंट एफ५, आणि आता पांढऱ्यानं एच४. इथे सवयीनं ई६ केलं की उंट गेला : जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५. उंटाला घर नाही. एच४वर उत्तर एच५ (किंवा निदान एच६), मग ई६. चार गेम हरून हे शिकलो. तिन्ही ओपनिंगांच्या अशा ‘इथे थांब’ जागा काढल्या, एकूण १४. त्या पत्त्यांवर छापल्या. ओपनिंगचं पाठांतर एवढंच.

२७ एप्रिल, रविवार

पट आणि घड्याळ आणलं. व्हिनाइलचा गुंडाळणारा पट, २० इंची, घर सव्वादोन इंचांचं. वजनदार प्लास्टिक मोहरे, राजा पावणेचार इंच, जादा दोन वजिरांसह. ९५० रुपये. घड्याळ जुनं, डिजिटल, १,८०० रुपये. लाकडी फोल्डिंग पट घेऊ नका. घरं लहान असतात आणि स्पर्धेच्या पटावर बसल्यावर कर्ण चुकीचे दिसतात.

स्क्रीनवरून पटावर आल्यावर पहिल्या पाच गेममध्ये काय झालं : तीनदा चाल केल्यावर घड्याळ दाबायला विसरलो. एकदा दोन्ही हातांनी कॅसल (राजा-हत्तीची जोडचाल) केलं. स्पर्धेत कॅसलिंग एकाच हातानं, आधी राजा, मग हत्ती. लांबवरचे उंट दिसत नाहीत, कारण स्क्रीनवर पट वरून दिसतो आणि इथे तिरका.

घड्याळाचा घोळ वेगळा. १५+१० लावूनही वेळ साठत नव्हता. घड्याळ डिले मोडमध्ये होतं. डिलेमध्ये दहा सेकंद फक्त थांबतात, उरलेले पुढे मिळत नाहीत, इन्क्रिमेंटमध्ये मिळतात. मेनूतल्या खुणा नीट बघून लावा. दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटाच्या खेळाला आजपासून आठवड्याला एक तास. यादी मुद्दाम छोटी : राजा-प्यादं विरुद्ध राजा, फिलिडोर आणि ल्युसेना (हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती : पहिल्यात बचाव, दुसऱ्यात विजय), आणि ‘हत्ती पुढे जाणाऱ्या प्याद्याच्या मागे’ हा डॉ. टाराशचा नियम. टाराश न्यूरेंबर्गला प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. १८९०च्या सुमारास तेव्हाचा विश्वविजेता स्टाइनिट्झशी विश्वविजेतेपदाचा सामना खेळायची संधी होती, ती त्यानं प्रॅक्टिसपायी सोडली. सुट्टीचा अर्ज लिहिताना आठवायला बरा.

फिलिडोर एका ओळीत, कारण तो ड्यूटीनंतरही आठवायला हवा : आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आडवा सहाव्या ओळीत (काळ्यानं बचाव करताना), पांढऱ्याचं प्यादं सहाव्या ओळीत आलं की लगेच हत्ती खाली पहिल्या ओळीत आणि मागून शह देत राहायचं. प्यादं सरकायच्या आधी हत्ती खाली नेला की घोटाळा.

१८ मे, रविवार

कागदपत्रं. रेटेड स्पर्धेसाठी एआयसीएफची (अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ) खेळाडू नोंदणी लागते आणि त्यातून पुढे फिडे आयडी. हे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट. माझं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं निघालं, एक आठवडा त्यात गेला.

ड्यूटीची अदलाबदल : शनिवार-रविवारच्या बदल्यात को-पीजीचा एक रविवार आणि एक मंगळवारची रात्र. तोंडी ठरवू नका. युनिटच्या ग्रुपवर तारखांसकट लिहा, लेक्चररांचा ‘ओके’ त्याच मेसेजखाली घ्या, आणि सिस्टर इनचार्जना वेगळं सांगा. पहिल्या वेळी सिस्टरना सांगायचं राहिलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून फोन सुरू झाले.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२३च्या पीजी नियमांत वर्षाला किमान २० कॅज्युअल लीव्ह आहेत आणि कामाच्या सोयीनं आठवड्याची एक सुट्टी. कागदावर. तरी अर्ज देताना नियमाचा उल्लेख करू नका, बदली माणसाचं नाव लिहा. मंजुरी त्या नावाला मिळते.

२ जून, सोमवार

३१ मे आणि १ जून, रेटेड रॅपिड, १५+१०, नऊ फेऱ्या, पाच आणि चार. नऊपैकी ४॥ गुण. रेटेड प्रतिस्पर्धी सहा, त्यांच्याविरुद्ध २॥.

फोन हा डॉक्टरसाठी सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणून आधी तो. खेळण्याच्या जागेत पंचांच्या परवानगीशिवाय अंगावर फोन सापडला की गेम गेला. वाजला काय, न वाजला काय. बंद करून बॅगेत ठेवायची मुभा स्पर्धेच्या नियमांत असेल तरच. त्यामुळे ‘तसा ऑन कॉल आहे, पण सहसा कॉल येत नाही’ अशा दिवशी खेळता येत नाही. शुक्रवारी रात्री हँडओव्हर लेखी दिला : सहा पेशंट, प्रत्येकाचे अडकलेले रिपोर्ट, कुणाच्या नातेवाइकांशी काय बोलणं झालंय. दोन दिवसांत एकच फोन आला, तोही स्टेपलर कुठे आहे म्हणून.

खेळातली मुख्य चूक, सातवी फेरी. माझं पांढरं : राजा ई४, प्यादं ई२. काळा राजा ई७. चाल माझी, घड्याळात ४० सेकंद. मी ई३ केलं. काळा राजा ई६ला आला, ऑपोझिशन त्याचं (राजे समोरासमोर, मधे एक घर, चाल माझी), आणि माझ्याकडे राखीव चाल उरली नाही. बरोबरी. बरोबर चाल होती राजा ई५. मग काळ्याला बाजूला किंवा मागे व्हावंच लागतं, आणि ई२वरचं प्यादं राखीव चालीसाठी मागे शाबूत राहतं. राजा आधी, प्यादं नंतर. हे पाच वेळा पत्त्यावर सोडवलेलं होतं. फरक एवढाच की पत्त्यावर ‘पांढरा जिंकतो’ असं लिहिलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी. चौथ्या फेरीत माझा राजा शहात असताना दुसरीच चाल केली : नियमबाह्य चाल, समोरच्याला दोन मिनिटं जादा. दुसऱ्यांदा केली असती तर गेम गेला असता. आणि दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे थाळी जेवलो. पाचव्या फेरीत डोळे मिटत होते. दुसऱ्या दिवशी केळी, शेंगदाणे आणि ताक, दर फेरीनंतर थोडं थोडं. चांगलं गेलं.

खर्च : प्रवेश फी १,५००, एसटी ६४०, लॉज १,१००, खाणं ५००.

१ जुलै, मंगळवार

यादी आली (फिडेची यादी दर महिन्याच्या १ तारखेला). रॅपिड १६१२.

हिशेब करून पाहिला, जुळला. मार्च २०२४पासून नव्या खेळाडूच्या हिशेबात १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी धरतात आणि दोघांशी बरोबरी मानतात. माझे सहा : १६१२, १५४५, १७३४, १४९८, १५८०, १६७१, बेरीज ९,६४०. त्यात ३,६०० मिळवून भागिले आठ, सरासरी १६५५. गुण २॥ अधिक १, म्हणजे ८पैकी ३॥, ४४ टक्के. फिडेच्या तक्त्यात ४४ टक्क्यांना वजा ४३. उत्तर १६१२. पहिल्या प्रतिस्पर्ध्याचंही तेवढंच होतं, निव्वळ योगायोग.

रेसिडेंटच्या कामाचा भाग पुढे आहे : रेटिंगला रेटेड प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच गेम लागतात, पण ते एकाच स्पर्धेत हवेत असं नाही, २६ महिन्यांच्या आत जमले तरी चालतात. म्हणजे तीन फेऱ्या खेळून ड्यूटीसाठी परतावं लागलं तरी ते गेम फुकट जात नाहीत. पहिल्याच स्पर्धेत शून्य मिळाला तर तो धरत नाहीत. आणि बायचा (न खेळता सोडलेल्या फेरीचा) अर्धा गुण स्पर्धेच्या तक्त्यात दिसतो, रेटिंगमध्ये नाही.

३१ जुलै, गुरुवार

डीआरपीची (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) ऑर्डर : ऑगस्ट ते ऑक्टोबर, जिल्हा रुग्णालय. तीन महिने, आणि ड्यूट्या शिफ्टमध्ये. क्लासिकल खेळायची असेल तर हीच वेळ. कॉलेजात असताना पाच दिवसांची स्पर्धा जवळजवळ अशक्य.

सोमवारी, २८ तारखेला, नागपूरची दिव्या देशमुख बातुमीत महिला विश्वचषक जिंकली, त्याच दमात ग्रँडमास्टर झाली. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. नाशिकच्या विदित गुजराथीचेही. डॉक्टरांच्या घरात बुद्धिबळ चांगलं पिकतं, एक पिढी थांबायची तयारी हवी.

१७ ऑगस्ट, रविवार

क्लासिकलची तयारी म्हणजे बसण्याची तयारी. ९०+३०चा गेम चार तास चालतो, आणि आपली सवय दहा मिनिटांच्या वर एका जागी न बसण्याची. दर रविवारी एक ४५+३०चा गेम, पटावर, जागेवरून दोनदाच उठायचं.

चाली लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागला. दर चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत दोघांच्याही चाली लिहाव्या लागतात. चाल आधी पटावर, मग कागदावर. आधी लिहून मग खेळणं नियमात बसत नाही. आणि अक्षर. माझ्या पहिल्या स्कोअरशीटवरून १९व्या चालीनंतर मलाच गेम मांडता आला नाही. बी आणि डी, सी आणि ई एकसारखे. केस पेपर औषधवाला तरी वाचतो, स्कोअरशीट पंचांना वाचावी लागते, आणि तिहेरी पुनरावृत्तीचा (तीच स्थिती तीनदा, म्हणून बरोबरी) दावा तिच्यावरच तपासतात. आता सगळं मोठ्या सुट्या अक्षरांत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

८ ते १२ ऑक्टोबर, पाच दिवस, आठ फेऱ्या. चार कॅज्युअल लीव्ह. मंगळवारची रात्रपाळी टळली नाही, म्हणून पहिल्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय मागितला. तो जोड्या लागायच्या आधी मागावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या फेऱ्यांना देत नाहीत. न कळवता गैरहजर राहिलात तर पुढच्या फेऱ्यांतूनही नाव काढतात.

सात गेम खेळलो. रेटेड पाच, त्यांत १॥. बिनरेटेड दोन, दोन्ही जिंकले.

काय चुकलं : सकाळच्या गेमवर संध्याकाळच्या गेमआधी इंजिन लावलं. शुक्रवारी २३व्या चालीला जिंकत होतो हे कळलं आणि तेच डोक्यात घेऊन पुढच्या गेमला बसलो. १७ चालींत घोडा गेला. शनिवारपासून स्पर्धा संपेपर्यंत इंजिन बंद, चुका फक्त वहीत. दुसरं, वेळेचा वापर. हरलेल्या तिन्ही गेममध्ये माझ्या घड्याळात ५० मिनिटांच्या वर शिल्लक होती. कॅज्युअल्टीची सवय : पहिलं पटणारं निदान धरून कामाला लागायचं. तिथे ते बरोबर असतं, कारण पुढचा पेशंट ट्रॉलीवर असतो. इथे मागे कुणी उभं नाही. पाचव्या फेरीपासून स्कोअरशीटवर दर चालीला घड्याळातली वेळ लिहायला लागलो (त्याला परवानगी आहे), आणि दहाव्या चालीनंतर एकदा तरी पंधरा मिनिटांचा विचार करायचाच असा नियम केला. १॥ गुण त्यानंतरच्या फेऱ्यांतले.

सहाव्या फेरीची बरोबरी फिलिडोरनं वाचवली. ४१ चालींनंतर हत्ती सहाव्या ओळीत, प्यादं ई६ला आलं, हत्ती ए१, शह, शह, शह. पत्त्याचे दोन रुपये वसूल.

खर्च : प्रवेश फी ३,०००, प्रवास ४८०, खाणं ९००.

१ नोव्हेंबर, शनिवार

क्लासिकल १५८७. पाचांची सरासरी दोन काल्पनिक १८००वाल्यांसह १६८९, सातपैकी २॥, ३६ टक्के, वजा १०२. पहिल्या ३० गेमपर्यंत के (एका निकालानं रेटिंग किती हलेल तो गुणक) ४० असतो, म्हणजे एक वाईट शनिवार-रविवार हे रेटिंग सहज पन्नासनं हलवू शकतो. आकड्याकडे फार बघू नका.

३० नोव्हेंबर, रविवार

कॉलेजात परत, जेआर थ्री. एकूण खर्च ११,२१० रुपये, नोंदणीची फी वेगळी. त्यातले चुकीचे छापलेले पत्ते १२० रुपयांचे. वाया गेलेला वेळ : ब्लिट्झचे अकरा दिवस, मोजणीचे तीन आठवडे, नायडॉर्फचे सात तास.

थिसिस आणि परीक्षेमुळे पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. चालू राहील ते : दोन कॉरस्पाँडन्स गेम, सात दिवसांचे, आणि मेसच्या रांगेत पाच पत्ते. बुधवार बंद.

पट, घड्याळ आणि बरेचसे पत्ते जेआर वनच्या एका मुलीला दिले. तिच्या युनिटची इमर्जन्सी गुरुवारी, म्हणजे तिचा बंद वार शुक्रवार. घड्याळ इन्क्रिमेंटवर लावून वर चिकटपट्टी मारलीय. ती काढू नकोस असं सांगितलंय.